मुलकी कोण, गैरमुलकी कोण?

‘मुलकी’ हा शब्द आता कागदोपत्री ‘मुलकी प्रशासन’ म्हणण्यापुरता उरला आहे. निजामाच्या राज्यात, म्हणजे आपल्या मराठवाड्यात, या शब्दावर अनेकांची भाकरी अवलंबून होती. मुलकी म्हणजे मुलखातला, गैरमुलकी म्हणजे बाहेरून आलेला. बाहेरची माणसे कामाला आणली तर स्थानिकांच्या नोकऱ्या आणि पगार यांचे काय होते, यावर अमेरिकेत एच-वन-बी व्हिसाच्या निमित्ताने वाद झडतात. आपली मुले त्यात अडकतात, म्हणून आपण त्या बातम्या हिरिरीने वाचतो. हाच वाद हैदराबाद संस्थानात पिढ्यान्‌पिढ्या चालला होता, हे मात्र विसरतो.

मी छावणीत राहतो, तेव्हा सुरुवात इथूनच करतो. खाम नदीच्या पलीकडची ही वस्ती वसली ती हैदराबाद कंटिंजंटसाठी. फौज निजामाच्या पैशाची, हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा आणि शिपायांत उत्तर हिंदुस्थानातल्यांचा मोठा भरणा, असा हा मामला होता. या फौजेच्या खर्चाची थकबाकी इतकी साचली, की 1853 च्या तहाने वऱ्हाड कंपनीच्या हवाली करावे लागले. परक्या मनुष्यबळाची एवढी किंमत मोजल्याचे दुसरे उदाहरण आपल्याकडे क्वचितच सापडेल.

त्याच वर्षी सालारजंग दिवाण झाले. त्यांना राज्यकारभार ब्रिटिश मुलखाच्या धर्तीवर बसवायचा होता. जिल्हे, महसूल, न्यायालये ही नवी घडी चालवणारी माणसे संस्थानात पुरेशी नव्हती. म्हणून त्यांनी उत्तरेकडून तयार माणसे आणली. सय्यद हुसेन बिलग्रामी, मोहसिन-उल-मुल्क, विकार-उल-मुल्क, चिराग अली ही त्यांतली मोठी नावे. माणसे कर्तबगार होती, यात शंका नाही. पण वरच्या जागा आणि त्यांचे घसघशीत पगार बाहेरच्यांकडे गेले, ही सल हैदराबादच्या जुन्या घराण्यांना लागली. माझ्या मते खरे नुकसान वेगळेच होते. तयार माणूस बाहेरून मिळतो म्हटल्यावर इथल्या पोरांना तयार करण्याची निकड सरकारला उरली नाही.

तक्रारी वाढल्या, हुकूम निघत राहिले आणि 1919 मध्ये निजामाच्या फर्मानाने मुलकी नियम पक्के झाले. गैरमुलकी माणसाला खास मंजुरीशिवाय वरिष्ठ काय किंवा कनिष्ठ काय, सरकारी नोकरी नाही. मुलकी ठरायचे तर जन्माने संस्थानचा प्रजाजन असावे, किंवा 15 वर्षे कायम वास्तव्य असावे. शिवाय पूर्वीच्या गावी परत जाण्याचा विचार सोडला आहे, असे प्रतिज्ञापत्र द्यावे लागे! माणसाच्या मनातला विचार सुटला की नाही, हे कागदावर कसे ठरवत असतील कोण जाणे.

या नियमांनी मराठी माणसाचे भले झाले का? फारसे नाही. तो जन्माने मुलकी होता, पण कारभार आणि उच्च शिक्षण उर्दूत. औरंगाबादला 1923 मध्ये कॉलेज निघाले तेही इंटरपर्यंतचे. पदवीसाठी हैदराबाद गाठा, नाहीतर संस्थानाबाहेर जा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे मिलिंद महाविद्यालय निघाले ते थेट 1950 मध्ये. आणि नियम होते सरकारी नोकरीपुरते. 1889 मध्ये औरंगाबादेत निघालेल्या कापड गिरणीतल्या मजुराच्या रोजाशी त्यांचा काही संबंध नव्हता.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्या औरंगाबाद कॉलेजचे प्राचार्य राहिलेले मौलवी अब्दुल हक हे हापूडचे, म्हणजे बाहेरचेच. अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे काम त्यांनी वर्षानुवर्षे याच शहरातून चालवले आणि उर्दूच्या जगात औरंगाबादचे नाव झाले. नियमाची फूटपट्टी लावून अशा माणसाचा हिशोब करता येत नाही.

1948 च्या पोलीस कारवाईनंतर चक्र उलटे फिरले. मुंबई, मद्रास, मध्य प्रांतातून अधिकारी आले, उर्दूच्या जागी इंग्रजी आली आणि जुने मुलकी कर्मचारी धास्तावले. खोट्या मुलकी दाखल्यांची ओरड झाली. सप्टेंबर 1952 मध्ये हैदराबादेत विद्यार्थी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, माणसे मेली. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि संसदेच्या 1957 च्या कायद्याने इथली निवासाची अट गेली. तेलंगणात ती टिकली. तिच्यावरून 1969 चे आंदोलन पेटले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 1973 मध्ये संसदेने मुलकी नियम रद्द केले.

आपण मात्र 1953 च्या नागपूर करारावर विसंबून होतो. सरकारी नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा, असे त्यात कबूल केले होते. वाटा किती मिळाला, याची तक्रार मराठवाडा अजून करतो.

गंमत अशी, की 15 वर्षांचा तो जुना आकडा पुन्हा आपल्याकडे आला. उद्योगांत 80 टक्के स्थानिक घ्यावेत, असे महाराष्ट्र सरकारने 2008 मध्ये बजावले. स्थानिक कोण, तर राज्यात 15 वर्षे राहिलेला. वाळूजला कंत्राटावर राबणारा बिहारी किंवा ओडिया मुलगा एवढी वर्षे एका कंपनीच्या हजेरीपटावर टिकतच नाही. शेजारच्या मशीनवरचा कन्नड तालुक्यातला मुलगाही कंत्राटावरच असतो, आणि त्या दोघांना रोज किती मिळावा यावर त्या 80 टक्क्यांत अक्षरही नाही.