सशर्त राशी (हॅस्केल)

एखादी अट खरी की खोटी यावरून दोन उपराशींपैकी एकीची किंमत घेणारी राशी. सी किंवा पास्कल या भाषांत ‘इफ’ हे विधान असते. काय करायचे ते संगणकाला सांगणे एवढेच त्याचे काम. हॅस्केल या भाषेतील ‘इफ’ला मात्र २ + ३ प्रमाणे स्वतःची किंमत असते, म्हणून ते बेरजेत, यादीत किंवा फंक्शनला द्यायच्या राशीच्या जागीही बसते. ‘इफ क्ष < ० देन -क्ष एल्स क्ष’ हे क्षचे केवल मूल्य झाले. उत्तर ठेवायला वेगळा चल लागत नाही.

राशीला किंमत हवीच, यातून बाकीचे नियम निघतात. ‘एल्स’ गाळता येत नाही. गाळल्यास अट खोटी ठरताच राशी किंमतीविना राहील. ‘देन’ आणि ‘एल्स’ या दोन्ही फाट्यांचा प्रकार एकच लागतो: एकीकडे पूर्णांक आणि दुसरीकडे अक्षरमाला दिसली की कंपायलर प्रोग्रॅम नाकारतो. अटही ‘बूल’, म्हणजे खरे-खोटे, या प्रकारचीच हवी. सीप्रमाणे ० म्हणजे खोटे, ही सवलत येथे नाही. नवशिक्यांना हे जाचक वाटते. पण ‘एल्स’ नेमका कोणत्या ‘इफ’चा, हा सीमधला जुना घोळ ‘एल्स’ सक्तीचा असल्यानेच येथे उद्भवत नाही.

न निवडलेल्या फाट्याची किंमत काढली जात नाही, हे या रचनेचे मर्म. संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी १९५७-५८च्या सुमारास बुद्धिबळातील वैध खेळी शोधण्याचे काम फोर्ट्रान भाषेत करत होते. त्यासाठी त्यांनी निवड करणारे एक फंक्शन लिहिले, पण त्यात दोन्ही पर्यायांची किंमत आधीच काढली जाई. त्या अडचणीतून सशर्त राशी सुचली, आणि लिस्प भाषेवरील १९६०च्या निबंधात त्यांनी तिच्या आधारे क्रमगुणिताची व्याख्या दिली. दोन्ही फाट्यांची किंमत काढत बसल्यास ती व्याख्या ०पाशी न थांबता उणे संख्यांत उतरत राहील. हॅस्केलमध्ये राशीची किंमत सहसा गरजेपूर्वी काढली जात नसल्याने प्रोग्रॅमर स्वतःचे ‘इफ’ साध्या फंक्शनच्या रूपातही लिहू शकतो.

अटी अनेक असल्यास उभ्या रेघेने सुरू होणारे ‘गार्ड’ वापरतात. ते वरून खाली तपासले जातात आणि पहिला खरा ठरलेला लागू होतो. शेवटच्या गार्डमधील ‘अदरवाइज’ हा भाषेचा राखीव शब्द वाटतो, पण तसा नाही. प्रमाण लायब्ररीत त्याची किंमत ‘ट्रू’ अशी देऊन ठेवलेली आहे.