मधमाश्या नसतील तर कांद्याचं बी कुठून येणार?

‘मधमाश्या संपल्या तर चार वर्षांत माणूस संपेल’ हे वाक्य आइनस्टाइनच्या नावाने सोशल मीडियावर वर्षानुवर्षं फिरतंय. त्यांनी असं म्हटल्याचा कुठलाही पुरावा सापडत नाही, आणि ते तसं खरंही नाही. गहू, तांदूळ, ज्वारी या पिकांना दाणे भरायला मधमाशी लागत नाही. म्हणजे भाकरी राहील. अडचण भाकरीसोबतच्या कांद्याची आहे.

आपण खातो तो कांदा जमिनीखाली वाढतो, पण पुढच्या हंगामाची रोपं करायला बी लागतं. बियाण्यासाठी लावलेल्या कांद्याला दांडे फुटतात आणि टोकाला पांढरे गोंडे येतात. एका गोंड्यात शेकडो बारीक फुलं असतात. गंमत अशी की प्रत्येक फुलातले पराग आधी पिकून झडतात, आणि त्याच फुलाचा स्त्रीकेसर नंतर तयार होतो. त्यामुळे फुलाला स्वतःचा पराग उपयोगी पडत नाही, तो दुसऱ्या फुलातून आणावा लागतो. कांद्याचा पराग चिकट असल्याने वाऱ्याचाही फारसा उपयोग नाही. हे काम मुख्यतः मधमाशी करते. ती नसेल तर गोंडे फुलतात, पण बी कमी भरतं. म्हणूनच बियाण्याच्या प्लॉटमध्ये फुलोऱ्याच्या वेळी मधमाश्यांच्या पेट्या ठेवतात.

फुलावर इतर किडेही येतात, मग मधमाशीच का? तिच्या अंगावर केस असतात, त्यांना पराग चिकटतो. शिवाय एका फेरीत ती सहसा एकाच जातीच्या फुलांवर फिरते, त्यामुळे कांद्याचा पराग कांद्यालाच मिळतो. सूर्यफूल, कलिंगड, काकडी, दोडका, भोपळा यांनाही हीच मदत लागते. जगातल्या ११५ प्रमुख अन्नपिकांपैकी ८७ पिकांना कमी-जास्त प्रमाणात परागवाहक प्राण्यांचा फायदा होतो. मध हा त्या मानाने वरचा नफा.

महाराष्ट्रात पेटीत पाळतात ती सातेरी आणि बाहेरून आणलेली मेलिफेरा. फुलोरी आणि आग्या पेटीत राहत नाहीत, त्यांचं पोळं उघड्यावर लटकतं.

सगळ्यात मोठा घोळ फवारणीचा. कांद्यावर फुलकिडे आले की ऐन फुलोऱ्यात सकाळी कीटकनाशक मारलं जातं. माश्या तेव्हाच शेतात असतात. किडीबरोबर त्याही मरतात, आणि पैसे देऊन आणलेली पेटी रिकामी होते. फुलोऱ्यात फवारणी टाळावी, आणि अगदीच गरज पडली तर संध्याकाळी माश्या परतल्यावर करावी.

शहरात वेगळाच प्रकार. इमारतीच्या छज्जाखाली आग्यामोहोळ दिसलं की धूर नाहीतर औषध! आग्या माशी चिडली तर धोकादायक असते हे खरंच, त्यामुळे पोळं वावराच्या जागी असेल तर ते जाणकाराकडूनच काढून घ्यावं. पण ते उंचावर, माणसांपासून दूर असेल तर दगड न मारता, खाली धूर न करता तसंच राहू द्यावं. या माश्या स्थलांतर करतात. परिसरातला फुलोरा संपला की त्या स्वतःच जागा सोडून जातात.