पायीं यात्रा आणि दानाचा पैसा

स्पेन देशाच्या वायव्य कोपऱ्यांत सांतियागो दे कोंपोस्तेला हें नगर आहे. तेथें प्रेषित संत याकोब यांची कबर आहे, ही श्रद्धा नवव्या शतकापासून चालत आली आहे. २०२४ सालीं सुमारें पांच लाख यात्रेकरूंनीं तेथील यात्रापत्र घेतलें, आणि त्यांतील बहुतेक पायीं आले होते. कित्येकजण निघण्यापूर्वीं आप्तेष्टांकडून वर्गणी जमवून ती एखाद्या रुग्णालयास किंवा अनाथाश्रमास देतात. हें खूळ नवें आहे, असें कांहीं वडीलधारीं माणसें म्हणतात. आम्हांस तसें वाटत नाहीं.

पूर्वीं दानाचा ओघ यात्रेकरूकडे वाहत असे. संत दोमिंगो (मृत्यु ११०९) या एकांतवासी साधूनें ओहा नदीवर पूल बांधला, वाट केली आणि यात्रेकरूंसाठीं धर्मशाळा उभारली. पुढें फेर्नांदो व इसाबेल या राजाराणींनीं १४९९ सालीं सांतियागोंत यात्रेकरूंसाठीं मोठें रुग्णालय बांधविण्याची आज्ञा केली. त्या वास्तूंत आज उंची हॉटेल आहे. थकल्याभागल्या गरिबानें तेथें बिछाना मागूं नये हें बरें!

परंतु धर्मकार्यासाठीं पैसा मागत फिरणेंही तितकेंच जुनें. फ्रान्समधील लाँ येथील प्रधान मंदिर १११२ सालीं आगींत जळालें, तेव्हां तेथील धर्मगुरूंनीं पवित्र अवशेष बरोबर घेऊन प्रथम फ्रान्सांत व पुढल्या सालीं इंग्लंडांत हिंडून बांधकामासाठीं द्रव्य जमविलें. पुढें मात्र भोळ्या लोकांस नाडणारे भिक्षेकरी माजले. म्हणून १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेनें नियम केला कीं, पोपमहाशयांचें अथवा बिशपांचें पत्र असल्यावांचून अशांस थारा देऊं नये. त्यांनीं दारूच्या गुत्त्यांत उतरूं नये आणि अवाजवी खर्चही करूं नये.

हा शेवटला शब्द आजच्या यात्रेकरूसही लागू पडतो. तिकिटाचा, जोड्यांचा व मुक्कामाचा खर्च वर्गणींतून भागवून उरेल तें गरिबांस, हा हिशेब आमच्या मतें उलटा होय. वाटखर्च पदरचा असावा, आणि वर्गणी पै न पै पोंचावी. जुन्यांनीं तर याहून कडक उपाय केला. नियम करूनही लबाडी थांबेना, तेव्हां ट्रेंट येथील धर्मपरिषदेनें १५६२ सालीं त्या भिक्षेकऱ्यांचा धंदाच बंद केला, आणि दान गोळा करण्याचें काम बिशप व त्यांच्या प्रधान मंदिराच्या मंडळांतील दोघे यांजकडे सोंपविलें. त्यांनीं त्याबद्दल कसलाही मेहनताना घ्यावयाचा नव्हता.