आघात तरंगाखाली स्फोटकांचे विघटन : संगणकीय अभ्यासाचे स्वरूप

पुणे : भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या स्फोटात किमान आठ कर्मचाऱ्यांचा मृत्यू झाला. स्फोटके तयार करणाऱ्यांच्या जिवाला असलेली जोखीम अशा घटनांतून समोर येते. एखादे स्फोटक सहज पेट घेते, तर दुसरे तोच धक्का सहन करते. हा फरक समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञ सिम्युलेशनचा, म्हणजेच संगणकीय सदृशीकरणाचा आधार घेतात.

आरडीएक्समधून स्फोटतरंग सेकंदाला आठ किलोमीटरहून अधिक वेगाने जातो. रेणूंचे विघटन सुरू होण्यास काही पिकोसेकंद पुरतात. एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. इतक्या अल्प अवधीतील घडामोडी प्रयोगात थेट टिपणे अत्यंत कठीण असते.

संगणकावर स्फटिकातील हजारो अणूंची मांडणी करून त्यांच्यातील बलांचे गणित केले जाते आणि दोन स्फटिक एकमेकांवर आदळवले जातात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये २००१ च्या सुमारास विकसित झालेल्या ‘रिअ‍ॅक्सएफएफ’ पद्धतीत रासायनिक बंध तुटणे व नव्याने जुळणेही गणता येते. ही पद्धत वापरून २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरडीएक्सच्या अभ्यासात, सेकंदाला सहा किलोमीटरहून अधिक वेगाच्या आघातात तीन पिकोसेकंदांच्या आत अनेक लहान रेणू तयार झाल्याचे दिसले. कमी वेगाच्या आघातात केवळ नायट्रोजन डायऑक्साइड बाहेर पडला. नायट्रो गटाला रेणूशी जोडणारा बंध हा विघटनातील कच्चा दुवा असल्याचे यातून सूचित होते.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. प्रत्यक्ष स्फोटकात सूक्ष्म पोकळ्या व भेगा असतात. आघाताने पोकळी मिटताना तेथे उष्णता एकवटून ‘तप्तबिंदू’ निर्माण होतो आणि बहुधा तेथूनच विघटन पसरते. इतका मोठा नमुना अणूनिशी गणणे महासंगणकालाही जड जाते. त्यामुळे निष्कर्ष प्रयोगांशी पडताळावे लागतात.

भारतात या क्षेत्रातील प्रमुख संस्था पुण्यातील उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा ही आहे. नैनिताल येथे १९०८ मध्ये सुरू झालेली ही संस्था १९६० मध्ये पुण्यात आली. १९९५ पासून ती सध्याच्या नावाने ओळखली जाते. हैदराबाद विद्यापीठातही अशा द्रव्यांचा सैद्धांतिक अभ्यास झाला आहे. नव्या रेणूची संवेदनशीलता आधी संगणकावर अजमावता आली, तर धोकादायक नमुने प्रत्यक्ष हाताळण्याची वेळ कमी येते.