न ऐकू येणारा अनुस्वार

जुन्या छपाईचे मराठी पुस्तक उघडले की ‘तें’, ‘नांव’, ‘मुलें’, ‘आम्हीं’ असे शब्द दिसतात. त्यांवरचे टिंब वाचताना कोणी उच्चारत नसे. विद्यार्थ्याने ते गाळले तर मात्र शुद्धलेखनाची चूक धरली जाई. जे कानाला ऐकू येत नाही, ते मुलाने लिहायचे कसे?

हे टिंब उगाच आलेले नव्हते. पूर्वी तेथे खरोखर नाकातून उच्चार होत असे. कोकणीत असे उच्चार आजही ऐकू येतात. प्रमाण मराठीतून ते लोपले. खूण तेवढी उरली. ही खूण व्याकरणही सांगे. ‘तो जातो’ पण ‘मी जातों’. ‘मी आलों’ पण ‘मीं पाहिलें’. म्हणजे टिंब देण्याआधी मुलाला पुरुष, लिंग, वचन आणि विभक्ती ओळखावी लागे.

रोजच्या व्यवहाराला ही अडचण नव्हती. हिशेब आणि पत्रे मोडीत लिहिली जात, आणि मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेदही सहसा पाळत नसत. एकोणिसाव्या शतकात बाळबोध लिपीतील छापील क्रमिक पुस्तके आली. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंगांचे व्याकरण प्रसिद्ध झाले. ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ हा प्रश्न मग शाळेचा झाला. त्या शतकाच्या अखेरीस साने, गोडबोले आणि हातवळणे यांनी अनुच्चारित अनुस्वार सोडून द्यावेत, अशी सूचना केली. शब्दाची व्युत्पत्ती कळेनाशी होईल, म्हणून तिला विरोध झाला. वाद दीर्घकाळ चालला. अखेर मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले आणि हे अनुस्वार गेले. १९७२ मध्ये आणखी ४ नियमांची भर पडली.

यात एक फायदाही झाला. जुन्या पद्धतीत एका घराबद्दलही ‘घरांत’ आणि अनेक घरांबद्दलही ‘घरांत’ असेच लिहीत. आता ‘घरात’ म्हणजे एका, ‘घरांत’ म्हणजे अनेक.

फ्रान्समधील मुलांची मात्र अशी सुटका झालेली नाही. फ्रेंचमध्ये ‘तो बोलतो’ आणि ‘ते बोलतात’ यांतील क्रियापदाचा उच्चार एकच, ‘पार्ल’. लिहिताना अनेकवचनात तीन मूक खुणा दिसतात: सर्वनामाला ‘एस’ आणि क्रियापदाच्या शेवटी ‘एन’ व ‘टी’. बहुतेक नामांच्या अनेकवचनाचा ‘एस’देखील मूकच. मिशेल फायोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुलांच्या चुकांचा अभ्यास केला. मुले आधी ‘एस’ गाळतात, पुढे नामाला लावू लागतात, आणि मग तोच ‘एस’ चुकून क्रियापदालाही लावतात. ही शेवटची चूक प्रगतीची खूण आहे, कारण मुलाला अनेकवचन कळलेले असते. १९९० मध्ये फ्रेंच लेखनात काही सुधारणा सुचवल्या गेल्या, पण या मूक खुणा तशाच राहिल्या.

आपल्याकडेही सर्वच काही कानाने सुटत नाही. ‘फूल’ आणि ‘फुलाला’ यांतील फरक कान देऊन ऐकला तर कळतो. पण ‘कवी’ दीर्घ आणि ‘कविराज’ ह्रस्व, हे कान सांगत नाही; तेथे संस्कृतचा इतिहास आड येतो. पनवेल परिसरातील आगरी बोलणारे मूल ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणते, म्हणून तसेच लिहिते. ते आपल्या कानाशी प्रामाणिकच असते. पुस्तकातील ‘ण’ त्याच्या घरच्या बोलीत नसतो.

म्हणून वह्या तपासताना चुकांचे तीन गट करून पाहावेत: बोलीमुळे होणाऱ्या, व्याकरणामुळे होणाऱ्या आणि शब्दाच्या इतिहासामुळे होणाऱ्या. पहिल्या गटासाठी दोन्ही उच्चार शेजारी ठेवून ऐकवावेत. दुसऱ्यासाठी ‘घरात-घरांत’ अशा जोड्या वाक्यांत वापरायला द्याव्यात. तिसऱ्यासाठी शब्द पुनःपुन्हा डोळ्यांखालून जायला हवेत. तोच शब्द दहा वेळा लिहून आणण्याची शिक्षा तिघांनाही सारखीच देण्यात अर्थ नाही.