लागोपाठ आणि पाठलाग

जानेवारी १९६४ मध्ये मद्रासच्या कसोटीत बापू नाडकर्णींनी इंग्लंडविरुद्ध २१ षटके ओळीने निर्धाव टाकली. इंग्रजी अशा षटकांना 'कॉन्सिक्युटिव्ह' म्हणते, आणि आपण बिनदिक्कत 'सलग' लिहितो. पण ती सलग होती कुठे? नाडकर्णींच्या दर दोन षटकांमध्ये दुसऱ्या टोकाकडून दुसऱ्याचे षटक पडतच होते. खेळाचा नियमच तसा.

'सलग' हा 'संलग्न'चा वंशज असावा. मध्ये फट चालणार नाही: सलग जमीन, सलग आठ तास झोप. इंग्रजीत याच्या जवळचा 'कन्टिन्युअस'. त्याच्या पोटातले लॅटिन 'तेनेरे' म्हणजे धरून ठेवणे, आणि त्याचे मूळ आपल्या 'तन्' म्हणजे ताणणे याच्याशी एकच मानतात. आपण 'सम्' जोडून 'संतत' केले, लॅटिनने 'कॉन' जोडून आपले. दोन्ही उपसर्गांचा अर्थ 'एकत्र'. 'संतत'मधला अनुस्वार गळून 'सतत' उरला. आषाढातली संततधार, घराण्याची संतती, विणकराचा तंतू, गवयाची तान, हे सारे एकाच दोऱ्यावर ताणलेले.

'कॉन्सिक्युटिव्ह'चा दोरा वेगळा. लॅटिन 'सेक्वी' म्हणजे मागोमाग जाणे. इथे चिकटणे नाही, आपल्या रांगेत पुढच्याच्या मागे येणे आहे. मधे परका कोणी असला तरी बिघडत नाही. म्हणून दोन सोमवार लागोपाठचे असू शकतात. सलग म्हटले की मधले सहा दिवस कुठे गेले, असे विचारावेसे वाटते. (वृत्तपत्रे विचारत नाहीत. 'सलग तिसऱ्यांदा' आता रुळलेच आहे.)

गंमत 'लागोपाठ'च्या घडणीत आहे. 'लाग' आणि 'पाठ', म्हणजे 'लग्' आणि 'पृष्ठ', यांची ही जोडी दिसते. तीच उलटी बांधली की 'पाठलाग'. एकीत क्रम, दुसरीत शिकार! लॅटिननेही हेच केले आहे: ज्या 'सेक्वी'पासून 'कॉन्सिक्युटिव्ह', त्याच्याच घरातून जुन्या फ्रेंचमार्गे 'परस्यू', म्हणजे पाठलाग करणे. दोन्ही भाषांना मागे येणारा आणि मागे लागणारा यांत फारसे अंतर वाटले नसावे.

'सेक्वी'चे संस्कृत भावंड 'सच्', सोबत असणे. 'सचिव' म्हणजे मुळात सोबती. वेदातला 'सचा' म्हणजे 'सह'. इराणात 'स'चा 'ह' होतो, 'सप्ताह'च्या शेजारी आपण फारसीतला 'हप्ता' बाळगतो तसा. तिकडे 'सचा'चा 'हचा' झाला आणि अर्थ 'सह'कडून 'पासून'कडे सरकला. पुढे झिजून फारसीत 'अज' उरला. शिवकाळातली कितीतरी मराठी पत्रे 'अज रख्तखाने' अशी सुरू होतात. त्यातला 'कडून' सांगणारा हा 'अज' 'कॉन्सिक्युटिव्ह'चा दूरचा चुलतभाऊ आहे, हे ती पत्रे लिहिणाऱ्या चिटणिसाला कोण सांगणार?