आजीचं मूळ विचारणारे



गेल्या महिन्यात आपल्या अभ्यासवर्गात एक गोष्ट झाली. कमिटीसाठी नावं सुचवणं चाललं होतं. कुणीतरी माझं नाव घेतलं. मागून आवाज आला, "त्याची आई तेलीण आहे. तो अर्धाच आपला." दोघे-चौघे हसले. मीही हसलो. रात्रपाळी करून तसाच आलो होतो, भांडायचं त्राण नव्हतं. पण त्या रात्री पुन्हा पाळीवर गेलो, रिंग खात्यात तुटलेले धागे जोडत उभा राहिलो, आणि ते 'अर्धा' काही डोक्यातून जाईना.

माझा बाप बौद्ध, आई तेल्याची. लग्न झालं तेव्हा तिच्या माहेरच्यांनी तिच्या नावानं आंघोळ केली. तिकडे ती मेली, इकडे मी अर्धा. हिशेब पुरा.

मी काही इतिहासकार नाही. शाळा दहावीला सुटली, पुढचं सगळं वाचनालयात आणि रद्दीच्या दुकानात. पण हा 'तेली' शब्द धरून शोधत गेलो आणि कोकणात शनवार तेल्यांपाशी येऊन थांबलो. त्यांची हकिकत तुम्हाला सांगायची आहे. ती ज्यूंची आहे, तरी शेवटपर्यंत वाचा.

जुना कुलाबा जिल्हा, म्हणजे आजचा रायगड. अलिबाग, पेण, रोहे, मुरुड. याच जिल्ह्यात आपलं महाड. तिथल्या गावांत घाण्यावर तेल गाळणारी काही घरं शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून ते शनवार तेली. सोमवारी घाणा न जुंपणारे ते सोमवार तेली. गावाला एवढाच फरक माहीत. शनवार तेली मराठी बोलत, त्यांच्या बाया लुगडी नेसत, आडनावं गावावरून: दिवेकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर. पण मूर्ती पुजत नसत, मुलांची सुंता करीत आणि हिब्रूतली एक प्रार्थना पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ म्हणत. हेच बेने इस्रायल. ते सांगत की फार पूर्वी आपलं गलबत नवगावच्या किनाऱ्याला फुटलं, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या, पोथ्या बुडाल्या. ही आख्यायिका आहे, कागद नाही. पण प्रत्येक समाजाला आपण कुठून आलो ते सांगणारी एक गोष्ट लागते, आणि ज्यांच्या पोथ्या बुडाल्या त्यांना तर लागतेच. आपल्या तर पोथ्या नव्हत्याच, ऐकायलासुद्धा बंदी होती.

इथपर्यंत मला ही माणसं जवळची वाटत होती. मग पुढचं पान उलटलं.

या लहानशा समाजात दोन जाती होत्या. गोरा इस्रायल आणि काळा इस्रायल. हे कातडीवरून नव्हतं. गोऱ्यांतले कितीतरी माझ्यासारखे काळेकुट्ट असतील. ज्याचे आई-बाप दोघं बेने इस्रायल तो गोरा. ज्याच्या घराण्यात कधीकाळी पुरुषानं बाहेरची, इथल्या मातीतली बाई घरात आणली, त्याची सगळी संतती काळी. गोरा काळ्याशी सोयरीक करायचा नाही, त्याच्या पंगतीला बसायचा नाही. ज्यूंच्या धर्मशास्त्रात आईचं मूळ बघतात हे खरं, पण तेच शास्त्र सांगतं की रीतसर धर्म घेतला की माणूस पुरा झाला. इथे पिढ्या गेल्या तरी काळा तो काळाच. हे कुठून आलं ते आपल्याला कुणी शिकवायला नको. समुद्रातून वाचले, पण किनाऱ्यावर जात उभी होती.

आता पुढची पायरी बघा. १७९६ मध्ये मुंबईत बेने इस्रायलांनी पहिलं प्रार्थनामंदिर बांधलं. बांधणारा सॅम्युएल दिवेकर, कंपनीच्या पलटणीतला अंमलदार. आपले महारही त्याच मुंबई फौजेत होते. त्यानंतर काही वर्षांनी बगदाद-बसऱ्याकडचे ज्यू व्यापारी मुंबईत आले. १८३० नंतर ससून घराणं आलं. पुढे त्यांच्या गिरण्या झाल्या. माझा पणजा ज्या गिरणीत रिंग खात्यात होता, तिचे मालक बगदादीच. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला साचेखातं बंद होतं, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे आणि महाराचं तोंड लागलेला धोटा बाकीच्यांना चालत नसे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल युनियनपुढे टाकला होता.

हे बगदादी आधी बेने इस्रायलांच्याच मंदिरात प्रार्थना करीत, त्यांच्याच कब्रस्तानात मुडदे पुरीत. पाय रोवल्यावर त्यांना शंका आली की हे तेली खरे ज्यू आहेत का? यांच्या रक्तात इथल्या बाया आहेत! १८३६ मध्ये त्यांनी कंपनी सरकारकडे अर्ज केला की कब्रस्तानात मधे भिंत घाला. मेलेल्यांमध्ये भिंत! ज्यूंची सामुदायिक प्रार्थना दहा पुरुषांशिवाय होत नाही. बगदादी त्या दहांत बेने इस्रायल पुरुष धरायला तयार नसत. म्हणजे गोरा इस्रायल काळ्याशी जे वागत होता, तेच बगदादी गोऱ्याशी वागला. आणि बगदादी स्वतः? इंग्रजाच्या दरबारात आपल्याला युरोपियनांत मोजावं म्हणून खटपट करीत होते. इंग्रजानं त्यांना पुरतं आत घेतलं नाहीच. याला बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हटलं आहे. प्रत्येकाला वरच्याची लाथ सोसते, कारण खाली हाणायला कुणीतरी ठेवलेलं असतं.

कोचीनला तर याहून उघड. तिथे १५६८ चं परदेशी ज्यूंचं मंदिर आहे. ज्यांचे पूर्वज गुलाम किंवा गुलाम बायांच्या पोटचे होते, त्यांना तिथे मागे, ओसरीत, जमिनीवर बसावं लागे. त्यांच्यातलाच एक वकील, ए. बी. सालेम. त्यानं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मंदिराच्या आतच सत्याग्रह केला. आपला काळाराम १९३० चा. फरक एवढाच की त्याच्या मंदिराचे दरवाजे पुढे हळूहळू उघडले. तरी १९५० मध्ये त्याच्या एका मुलानं परदेशी घराण्यातल्या मुलीशी लग्न ठरवलं, ते कोचीनमध्ये होऊ शकलं नाही. मुंबईत येऊन लावावं लागलं.

मग १९४८ ला इस्रायल देश झाला. १९५० चा कायदा म्हणाला, जगातल्या कुठल्याही ज्यूनं यावं आणि नागरिक व्हावं. कोकणातले तेली, मुंबईतले कारकून, फिटर निघाले. काहींना बीरशेबात नेऊन टाकलं. त्या गावातून १९४८ मध्ये अरबांना हाकलून दिलेलं होतं, हेही लक्षात असू द्या. एकाचं राष्ट्रीयत्व दुसऱ्याच्या ओसाड घरात वसवलं जात होतं. तिथे त्यांना कळलं की आपण 'काळे' आहोत. घरं हलकी, कामं हलकी, बोलणी हलकी. १९५१ च्या अखेरीला त्यांच्यातल्या काहींनी तेल अवीवमध्ये ठिय्या मारला. मागणी एकच, आम्हाला परत पाठवा. १९५२ मध्ये शंभराहून अधिक माणसं परत आली. गंमत बघा, यांतले बरेच जण पुढे पुन्हा तिकडेच गेले. देश म्हणजे पाळी बदलण्यासारखी गोष्ट नव्हे.

खरा घाव १९६२ चा. तिथल्या सर्वोच्च धर्मपीठानं लग्नं नोंदवणाऱ्या रब्बींना हुकूम काढला की बेने इस्रायल माणूस दुसऱ्या ज्यूशी लग्न करणार असेल तर आधी त्याच्या आईचं, आजीचं, जमेल तितकं मागचं मूळ तपासा. कुणी बाहेरची बाई मिसळली होती का ते बघा. म्हणजे नवगावच्या नाहीतर रोह्याच्या, निरक्षर, कधीच मेलेल्या बायांची झडती! ज्या गोऱ्या इस्रायलानं काळ्याची आजी काढली होती, त्याचीच आजी आता परक्या देशात दप्तरात काढली जात होती. ते गप्प बसले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं लिहून ठेवलं पाहिजे. मोर्चे, धरणी झाली. १९६४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या पार्लमेंटनं ठराव केला की बेने इस्रायल सर्व बाबतींत ज्यूच आहेत. धर्मपीठानं हुकुमातून समाजाचं नाव काढलं. कुठेकुठे एखादा रब्बी त्यानंतरही अडला.

आणि शेवटी प्रयोगशाळा. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी बेने इस्रायलांच्या जनुकांचा अभ्यास छापला. निघालं काय, तर सगळाच समाज मिश्र. पश्चिम आशियातले ज्यू पूर्वज आहेत आणि इथलेही आहेत, दोन्ही भरपूर. आयांच्या बाजूचा वारसा तर मुख्यत्वे इथलाच. म्हणजे गोऱ्याची आद्य आजीही कोकणातलीच कुणीतरी! काळा-गोरा भेद ज्या पायावर उभा होता तो पायाच नव्हता.

हे वाचून मी खुर्चीतून उडालो. पण मग जरा थांबलो. समजा तपासणी उलट निघाली असती, काळ्यांचं रक्त खरंच वेगळं निघालं असतं, तर ती पंगत बरोबर ठरली असती का? बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' मध्ये नाकांची मापं वापरली, ती ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे आहेत हे थोतांड मोडायला. आपल्या नाकाचा अभिमान धरायला नव्हे. १९३६ च्या भाषणातही ('अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट', जे करू दिलं नाही ते) ते सांगतात की इथलं रक्त केव्हाच मिसळलेलं होतं, जात त्याच्या फार नंतर आली. आमच्या गिरणीत मिक्सिंगला निरनिराळ्या गावच्या गाठी एकत्र फोडतात. पुढे रिंगवर आलेल्या धाग्यात कुठल्या शेताचा कापूस, ते मालकालाही सांगता येत नाही.

आता आपल्या घरातलं. धाकट्या बहिणीच्या जात पडताळणीसाठी मी चार महिने एका कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. १९५० च्या आधीचा कागद आणा, वंशावळ आणा. टेबलावरचा माणूस म्हणाला, "आई दुसऱ्या जातीची, मग भानगडच." मला रब्बीच्या हुकुमाची आठवण झाली. पण कायदा त्या टेबलाहून शहाणा आहे. सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात सांगितलं की आंतरजातीय लग्नातल्या मुलाची जात हा पुराव्याचा प्रश्न आहे. सामान्यतः बापाची धरतात, पण मूल कुणात वाढलं, त्यानं काय भोगलं, समाजानं त्याला कसं वागवलं, हे बघावं लागेल. त्या खटल्यातला बाप क्षत्रिय होता आणि आई आदिवासी, माझ्या उलट. तरी मला ते पटलं. रक्त नाही विचारलं, भोगलं काय ते विचारलं. मी बौद्धवाड्यात वाढलो. शाळेत पाणी वरून ओतलं तेव्हा माझी आई कोण हे कुणी विचारलं नाही.

आणि आपण? सोमवंशी, लाडवण, बावणे हे १९५६ ला दीक्षाभूमीवर टाकून यायचं होतं. लग्नाच्या याद्यांत ते अजून कानात कुजबुजतात. बावीस प्रतिज्ञांत अर्ध्या माणसाला वेगळी प्रतिज्ञा नाही, मी पुन्हा वाचून बघितल्या. ज्यानं मला अर्धा म्हटलं तो माझा दोस्त आहे. माझ्याआधी दोनदा चळवळीसाठी लॉकअपमध्ये बसून आलाय. म्हणून तर लागलं.

पुढच्या रविवारचा वर्ग आमच्या घरी आहे. १९३६ च्या भाषणातला वंशाबद्दलचा भाग त्यानं वाचायचा असं मी सुचवलंय, तो हो म्हणालाय. चहा आई करील. कुणाला अर्धं-पुरं काही विचारायचं असेल तर ती घरातच असेल, तिलाच विचारा.